जिनिंगमधल्या बायांची पावती का फाटत नाही?

पांढरकवडा_कामगार: जिनिंगमधले (कापसातून सरकी काढून गाठी बांधणाऱ्या कारखान्यातले) प्रेसवाले, हमाल, फिटर सगळे युनियनमध्ये आहेत. कापसातली कवडी (किडका कापूस) अन् कचरा वेचणाऱ्या बाया मात्र नाहीत, त्यांची सभासद-वर्गणीची पावतीच फाटत नाही. बाया यायलाच तयार नसतात, असं आमचे पदाधिकारी म्हणतात. या हंगामात काय करावं?

वर्धेकर_ताई: हे आधी डोक्यातून काढा भाऊ. अंगणवाडी सेविका-मदतनिसांच्या संघटना बायांच्याच बळावर उभ्या आहेत. एप्रिल २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यांचा ग्रॅच्युइटीचा हक्क मान्य केला. तिथे प्रत्येकीचं नाव यादीवर असतं, मानधन तिच्याच खात्यात येतं आणि महिन्याच्या मीटिंगला सगळ्या भेटतात. जिनिंगमधली बाई मुकादमाच्या वहीत असते, तीही कधी नुसती ‘अमक्याची बायको’ म्हणून. त्यामुळे पहिलं काम हजेरीचं. आधार कार्डावरचं तिचं स्वतःचं नाव आणि रोज (दिवसाची मजुरी) तारखेसह लिहून ठेवा. मुकादम वही देत नसेल तर चार-पाच जणींनी मिळून आपली वेगळी वही ठेवावी.

गठाण: तुमचं मागणीपत्रक एकदा काढून वाचा. गठाणीमागचा (रुईच्या दाबलेल्या गाठीमागचा) दर, ओव्हरटाइम, बोनस असेल. गठाणीचा दर वाढला तर रोजावरच्या बाईला काय मिळतं? काहीच नाही. मग तिनं वर्गणी कशाला द्यावी? वेचणीचा रोज, संडास, तोंडाला बांधायला मास्क (रुईची धूळ छातीत जाते) हे पहिल्या पानावर घ्या.

वर्धेकर_ताई: वेळही बघा. रात्री आठची सभा तालुक्याला ठेवली तर गावची बाई येणार नाही, शेवटची एसटी गेलेली असते. दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत गेटपाशी वीस मिनिटं पुरतात. आणि युनियनचं वर्ष जानेवारी-डिसेंबर असेल तर पावती जानेवारीतल्या पहिल्या चुकाऱ्याला (मजुरी हातात पडते तेव्हा) फाडा. नोव्हेंबरात फाडली तर दोन महिन्यांत संपते, अन् ऐन हंगामात सभासद कमी दिसतात. जानेवारीची पावती पुढच्या नोव्हेंबर-डिसेंबरलाही चालते.

पांढरकवडा_कामगार: आणि मुकादमाने कामावरून काढलं तर?

गठाण: एकटीची पावती फाडू नका, पूर्ण टोळीची एकाच दिवशी फाडा. शिवाय २० किंवा जास्त कामगार असतील तर औद्योगिक संबंध संहिता २०२० प्रमाणे तक्रार निवारण समिती लागते. तिच्यात बायांचं प्रमाण कामावरच्या प्रमाणापेक्षा कमी चालत नाही. ती मागणी युनियनच्या लेटरहेडवर लेखी द्या आणि पोच घ्या.