मदत हवी आहे : नोटरी करण्यापूर्वी दस्तातील काय आणि कितपत तपासावे?

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका तालुका न्यायालयात वकिली करतो. अलीकडेच माझी नोटरी म्हणून नियुक्ती झाली आहे. नोटरी अधिनियम, 1952 आणि त्याखालील 1956 चे नियम मी वाचले आहेत. दस्ताचे निष्पादन (सही करून दस्त पूर्ण करणे) साक्षांकित करणे, शपथ देणे, भाषांतर करणे व ते पडताळणे ही कामे कलम 8 मध्ये दिली आहेत. परंतु समोर कागद आल्यावर नोटरीची तपासणी कोठे संपते, याचे उत्तर त्यातून मला मिळाले नाही. म्हणून अनुभवी मंडळींचे मार्गदर्शन हवे आहे.

माझी समजूत अशी आहे की, नोटरीचा शिक्का मजकुराच्या खरेपणाची हमी देत नाही. अमुक व्यक्ती आपणासमोर हजर होती, तिची ओळख पटली आणि तिने आपणासमोर सही केली, एवढेच तो सांगतो. त्यामुळे सही आधीच करून आणलेला कागद मी परत करतो, मूळ ओळखपत्र पाहतो, कोऱ्या जागा भरून घेतो, खाडाखोडीवर संबंधिताची सही घेतो आणि नोटरी रजिस्टरमध्ये त्याच वेळी नोंद करून तेथेही पक्षकाराची सही घेतो. सत्यप्रत असल्यास मूळ कागद ओळीनुसार ताडून पाहतो. इथपर्यंत शंका नाही.

अडचण पुढील तीन बाबतींत येते.

हंगामात अनेक कुटुंबे ऊसतोडीला गेलेली असतात. अशा वेळी एखादा नातेवाईक येतो आणि म्हणतो, “मंडळी कारखान्यावर गेली आहेत, अंगठे घेऊन ठेवले आहेत, तेवढा शिक्का मारा.” ते मी नाकारतोच. मात्र व्यक्ती स्वतः आली, तिला वाचता येत नाही आणि तिच्या वतीने सगळे सोबत आलेला माणूसच बोलतो आहे, अशा वेळी तिला मजकूर समजला याची खात्री कशी करावी?

दुसरे, गावाबाहेरच्या प्लॉटचे व्यवहार. तुकडेबंदीमुळे, म्हणजे शेतजमिनीचे लहान तुकडे विकण्यावरील बंदीमुळे, खरेदीखत होत नाही, म्हणून “बाँडवर (मुद्रांक कागदावर) नोटरी करून द्या” असा आग्रह असतो. मजकुराची जबाबदारी माझी नाही, असे म्हणून हे कागद साक्षांकित करणे योग्य आहे का?

तिसरे, सन 1954-55 च्या खासरा पाहणी पत्रकाची (जमिनीच्या जुन्या नोंदीची) किंवा निजामकालीन उर्दू कागदाची प्रत घेऊन लोक येतात. मला उर्दू येत नाही. अशा वेळी काय करावे?

प्रतिसाद 1

आपली समजूत मुळात बरोबर आहे, पण ‘मजकुराशी संबंध नाही’ हे वाक्य आपल्याकडे फार सोयीने वापरले जाते. मजकूर खरा आहे का, हे पाहणे आपले काम नसले, तरी हा कागद नेमका कोणत्या प्रकारचा आहे, हे पाहिल्याशिवाय शिक्का मारता येत नाही. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मालमत्तेतील हक्क हस्तांतरित करणाऱ्या दस्ताची नोंदणी सक्तीची आहे आणि नोटरी हा नोंदणीला पर्याय होऊ शकत नाही. मुखत्यारपत्र व साठेखत (पुढे विक्री करण्याचा करार) यांच्या आधारे मालकी जात नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2011 मध्ये सूरज लॅम्प प्रकरणात स्पष्ट केले आहे. शिवाय साठेखतात ताबा दिल्याचा किंवा देण्याचा उल्लेख असेल, तर महाराष्ट्रात त्यावर खरेदीखताप्रमाणे मुद्रांक शुल्क लागते. तेथे पाचशेचा बाँड पुरत नाही. गोरगरिबांची आयुष्यभराची कमाई अशा कागदात अडकलेली मी पाहिली आहे. म्हणून असे दस्त मी घेत नाही, मग पक्षकार रागावून शेजारच्या टेबलावर गेला तरी चालेल.

अंगठ्याच्या बाबतीत सोबत्याला थोडा वेळ बाहेर बसवावे. मजकूर स्वतः मोठ्याने वाचून दाखवावा आणि “तुम्ही कशावर अंगठा देता आहात, ते तुमच्या शब्दांत सांगा” असे विचारावे. ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर थांबू नये. मजकूर वाचून व समजावून सांगितल्याचा शेरा दस्तावर लिहावा आणि ओळख देणारा साक्षीदार दस्ताचा लाभार्थी नसावा, एवढी काळजी घ्यावी. आधार कार्डावरील क्यूआर कोड मोबाईलवर तपासता येतो. रंगीत झेरॉक्सवर विसंबू नये.

प्रतिसाद 2

मुद्रांकाचा मागील भागही वाचावा. मुद्रांक दस्तातील पक्षकाराच्या नावाने घेतलेला असावा आणि खरेदी केल्यापासून सहा महिने उलटलेले नसावेत. विवाह आणि घटस्फोटाचे दस्त करू नयेत, असे केंद्राच्या विधी विभागाने 2024 मध्ये नोटरींना कळवले आहे. तरीही आठवड्यातून कोणीतरी विचारतेच.

उर्दू कागदाबाबत दोन कामे वेगळी ठेवावीत. मूळ कागद समोर असेल, तर प्रत मुळाशी जुळते एवढेच प्रमाणित करावे. भाषांतर पडताळल्याचा शेरा मात्र लिपी व भाषा येत नसताना देऊ नये. भाषांतरकाराने स्वतः हजर राहून केलेले शपथपत्र साक्षांकित करता येते.

धागाकर्ता

आपणा दोघांचे आभार. एकच शंका राहते. जमिनीचा दस्त नोंदणीसाठी सादर करण्याचा अधिकार देणारे मुखत्यारपत्र माझ्याकडे झाले आणि लिहून देणाऱ्या आजी गावातच अंथरुणाला खिळून असल्या, तर ते दुय्यम निबंधकांकडे (दस्त नोंदणी अधिकाऱ्याकडे) चालेल का?

प्रतिसाद 1

नाही. लिहून देणारी व्यक्ती भारतात राहत असेल, तर नोंदणी अधिनियम, 1908 च्या कलम 33 नुसार त्या कामाचे मुखत्यारपत्र निबंधक किंवा दुय्यम निबंधक यांच्यासमोरच व्हावे लागते. नोटरीसमोरचे मुखत्यारपत्र यासाठी चालते, ते परदेशात राहणाऱ्यांचे. शारीरिक व्याधीमुळे कार्यालयात येणे शक्य नसल्यास सूट आहे आणि अधिकारी घरी जाऊन खात्री करू शकतात. आजींच्या मुलांना वैद्यकीय प्रमाणपत्रासह तेथेच अर्ज करायला सांगावे.