जुन्या हॉर्नच्या क्रॉसओव्हरला हात लावायचा का?

कृष्णाकाठ (सांगली): चोरबाजारातून आणलेली अल्टेक ए-7 या जुन्या स्पीकरची जोडी तीन वर्षं माडीवर वाजतेय. खाली खर्जासाठी 15 इंची वूफर, वर उंच स्वरांसाठी 811 हॉर्न, 800 हर्ट्झला कट, म्हणजे तिथे क्रॉसओव्हर (कॅपॅसिटर-कॉइलची पेटी) आवाज दोघांत वाटतो. डाव्या बाजूला गाणाऱ्याचा आवाज पातळ येतो. मेकॅनिक म्हणतो, क्रॉसओव्हर काढून नवा बसवतो. माझ्या मते कॅपॅसिटर तेवढे बदलावेत, व्हॅल्यू तीच ठेवून. कॉइलला काय होतंय?

हळदबाजार: कॅपॅसिटरसुद्धा नको. जुन्याची एक गोलाई असते. मित्राने नवे पॉलिप्रॉपिलीनचे घातले, तेव्हापासून अब्दुल करीम खाँसाहेब कानाला टोचतात. मिरजेत जुन्या तंबोऱ्याचा भोपळा कुणी बदलतं का?

कृष्णाकाठ: भोपळा नाही, पण जवारी काढतातच (घोडी घासून आवाज जुळवतात) की ओ! तुमची गोलाई म्हणजे म्हाताऱ्या कॅपॅसिटरचा वाढलेला रेझिस्टन्स. तीच हवी तर नव्याच्या सिरीजमध्ये एखाद्या ओहमचा रेझिस्टर टाका, दोन्ही बाजू सारख्या तरी राहतील. आणि खाँसाहेबांच्या 78 फेऱ्यांच्या जुन्या तबकडीत वरचा आवाज मुळात किती? तिच्यावर हॉर्न पारखू नये.

साऊंडवाला_विटा: कशाला एवढा घोळ? डीएसपी (आवाज डिजिटल पद्धतीने वाटणारं यंत्र) घ्या, वूफरला एक, हॉर्नला एक असे दोन ॲम्प लावा. हॉर्नचा डायफ्रॅम (थरथरून आवाज काढणारा पडदा) वूफरच्या मागे-पुढे असतो. 34 सेंटिमीटरला साधारण एक मिलिसेकंद धरा, डिले देऊन जुळवा. जुन्या पेटीला हे जमणार आहे का? गणपतीत मी हेच करतो.

हळदबाजार: मिरवणूक वेगळी, माडी वेगळी, राव. ॲम्प चालू करताना होणारा 'धप्प' थेट डायफ्रॅमला बसला की?

साऊंडवाला_विटा: म्हणून हॉर्नला 30 मायक्रोफॅरडचा कॅपॅसिटर ठेवतो. (आला शेवटी कॅपॅसिटर, हसू नका.)

कृष्णाकाठ: काल रात्री राहवलं नाही, मीटर लावला. कॅपॅसिटर चारही ठीक! पण डाव्या हॉर्नच्या ड्रायव्हरचं (डायफ्रॅम बसतो त्या भागाचं) रीडिंग उजव्याच्या जवळपास निम्मं. उघडला तर मागच्या मालकानं 8 ओहमचा डायफ्रॅम घातलाय, उजवा मूळचा 16चा. 16साठी बांधलेल्या क्रॉसओव्हरवर 8चा भार, म्हणून 800च्या आसपास आवाजात खड्डा. क्रॉसओव्हरमध्ये हॉर्नला नुसता एक कॅपॅसिटर असता तर कट सरळ 1600ला गेला असता.

हळदबाजार: म्हणजे क्रॉसओव्हर निर्दोष. मी काय म्हणत होतो?

कृष्णाकाठ: तुम्ही मीटरही लावू देत नव्हता. असो. 16चा डायफ्रॅम कुणाकडे पडून आहे का? मेकॅनिक आता म्हणतोय, उजवाही 8चा करू, दोन्ही सारखे होतील.