मदत हवी: मुलासाठी लेखनाचा तिसरा अभ्यासक्रम कोणता घेऊ?

निळी शाई
दोन वर्षांत दोन अभ्यासक्रम झाले. पहिल्यात रोज दिलेल्या विषयावर परिच्छेद लिहायचा होता, तो चार महिन्यांत सोडला. दुसऱ्यात उतारा वाचून प्रत्येक वाक्यातले तीन मुख्य शब्द काढायचे आणि त्यांवरून तोच उतारा आपल्या शब्दांत लिहायचा. शब्द तो चटचट काढतो. लिहायची वेळ आली की नुसता बसून राहतो. काल चाळीस मिनिटांत तीन ओळी झाल्या, त्याही खोडून खोडून कागद फाटला. शेवटी तो रडला, मीही आवाज चढवला आणि रात्रभर मला त्याचं वाईट वाटत राहिलं. सोमवारपासून नवीन सुरू करायचंय. ज्यांनी घरी शिकवलंय त्यांनी नाव सुचवा. शाळेत घाला, असं कृपया सांगू नका.

पारिजात
वय काय? मराठीतून लिहितो की इंग्रजीतून? एवढं तरी सांगा, नाहीतर नुसत्या नावांचा काय उपयोग?

निळी शाई
नऊ पूर्ण. मराठीतून. वाचन भरपूर आहे, त्यामुळे भाषेची अडचण नाही.

मोकळं रान
अभ्यासक्रम बंद करा. जॉन होल्ट १९७७ पासून घरी शिकवणाऱ्या पालकांसाठी पत्रिका काढायचे, तेही मुलाच्या ओढीवर भर द्यायचे. माझ्या मुलीने अकरा वर्षांची होईपर्यंत याद्या आणि पत्रांपलीकडे काही लिहिलं नाही. मग एकदम मांजरीची रोजनिशी सुरू केली आणि चार वह्या भरल्या. ओढ लागली की मूल लिहितं.

टाकबोरू
तुमच्या मुलीला जमलं, आनंद आहे. माझ्या मोठ्याच्या बाबतीत आम्ही अशीच वाट पाहिली आणि तेराव्या वर्षी त्याला साधा अर्ज लिहिता येईना. लेखन क्रमाने शिकवावं लागतं. प्राचीन ग्रीक वक्तृत्वशिक्षणात चौदा सराव एकापुढे एक लावलेले असत. सुरुवात ऐकलेली नीतिकथा पुन्हा सांगण्यापासून, आपली बाजू मांडणं बरंच पुढे. मुख्य शब्दांची पद्धतही चांगलीच आहे. बेंजामिन फ्रँकलिन लहानपणी आवडलेल्या लेखातल्या प्रत्येक वाक्याची छोटी टिपणं काढायचा, काही दिवस बाजूला ठेवायचा, मग त्यावरून लेख पुन्हा लिहून मूळ लेखाशी ताडून बघायचा. धागाकर्तीने दुसराच अभ्यासक्रम नेटाने चालवावा.

चष्मिस
मूळ दुखणं शुद्धलेखन आहे. आजकाल ऱ्हस्व-दीर्घ कुणाला कळत नाही. रोज दहा शब्द पाच-पाच वेळा लिहून घ्या.

पारिजात
चष्मिस, त्या मुलाच्या ऱ्हस्व-दीर्घाबद्दल कुणी काही विचारलेलं नाही. आधीच कागद फाटतोय, त्यात अजून पन्नास शब्द?

जुनी वही
निळी शाई, दोन गोष्टी कराल का? एक, त्याला उतारा एकदाच वाचून दाखवा आणि तोंडी सांगायला लावा, मध्ये टोकू नका. फोनवर रेकॉर्ड करा. दोन, तो लिहीत असताना शेजारी बसून त्याचा हात बघा. काय लिहिलंय ते नंतर.

मनात वाक्य जुळवणं आणि ते कागदावर उतरवणं ही दोन वेगळी कामं आहेत. अक्षर काढण्यातच सगळं लक्ष गेलं, तर वाक्य मध्येच निसटतं. शार्लट मेसन ही ब्रिटिश शिक्षणतज्ज्ञ मुलांकडून आधी सगळं तोंडीच सांगून घ्यायची, लेखी सांगणं साधारण दहाव्या वर्षापासून. तुमच्या मुलाचं कुठलं काम अडतंय ते कळलं की नाव सुचवण्यात अर्थ आहे.

निळी शाई
केलं. मुंग्यांच्या वारुळावरचा उतारा होता. तो सात मिनिटं बोलला! 'राणी हुकूम देत नाही, तरी सगळ्यांना काम कळतं' हे त्याचं स्वतःचं वाक्य, उताऱ्यात नव्हतं. मी ऐकून उतरवलं तर दीड पान झालं.

मग हात बघितला. प्रत्येक शब्द लिहून झाला की पेन्सिल खाली ठेवतो, पट्टी उचलतो, शिरोरेषा आखतो, पट्टी ठेवतो, पुन्हा पेन्सिल. रेषा जरा पुढे गेली की अख्खा शब्द खोडतो. मी रोज समोरच बसते, पण माझं पुस्तक वाचत. पट्टीचा खेळ माझ्या लक्षातच आला नव्हता. सहा वर्षांचा असताना 'रेषा सरळ आलीच पाहिजे' म्हणून पट्टी मीच दिली होती.

मोकळं रान
टंकलेखन शिकवा ना मग. हाताने लिहायचं कशाला?

टाकबोरू
टंकायला शिकायलाही वेळ जातोच, आणि हात तसाच राहील. पट्टी काढूनही दोन-तीन महिन्यांत फरक पडला नाही, बोटं दुखतात म्हणाला किंवा अक्षर अडतच राहिलं, तर ऑक्युपेशनल थेरपिस्टला, म्हणजे हाताच्या हालचाली आणि रोजची कामं सुधारायला मदत करणाऱ्या तज्ज्ञाला दाखवा. डिसग्राफिया, म्हणजे लिहिण्यातलीच मूळची अडचण, असेल तर लवकर कळलेला बरा. माझ्या धाकट्याचा आम्हाला उशिरा कळला.

जुनी वही
टाकबोरूंशी सहमत. तोवर लिखाण दोन वेळांना वाटा. सकाळी तो सांगेल, तुम्ही त्याच्याच शब्दांत उतरवा, सुधारणा न करता. दुपारी त्यातलीच दोन वाक्यं तो बघून लिहील. पट्टीशिवाय, पूर्ण शब्द झाला की एकच रेषा हाताने. दहा मिनिटं झाली की वाक्य अर्धं असलं तरी थांबायचं. बघून लिहिणं सोपं झालं की तीच वाक्यं आधी वाचून ठेवायला सांगा आणि मग ऐकून लिहू द्या.

निळी शाई
म्हणजे नवीन काही घेऊच नको? दुसऱ्या अभ्यासक्रमातले बारा उतारे शिल्लक आहेत. मुख्य शब्द काढून पुढचं तोंडी सांगितलं तर चालेल?

जुनी वही
चालेल. शब्द तो लिहील, उतारा तोंडाने सांगेल. आणि ते दीड पान त्याला वाचून दाखवलंत का?

निळी शाई
दाखवलं. त्याने दोनदा वाचायला लावलं, मग 'राणी' खाली स्वतःच रेघ मारली. पट्टी न घेता.