शाळेतून मूल घरी पोहोचलं का, हे ऑफिसात खात्रीने कसं कळेल?

प्रश्न: दुपारची_पाळी

आम्ही दोघंही नोकरी करतो. मुलगा साडेतीन ते चारच्या दरम्यान घरी येतो, त्याच्याकडे फोन नाही. सासूबाई घरीच असतात, पण त्यांना ॲप जमत नाही आणि फोनची रिंग बऱ्याचदा ऐकू येत नाही. मुख्य दाराला झिगबी (कमी विजेवर चालणारं वायरलेस) सेन्सर, रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर होम असिस्टंट (घरातली उपकरणं चालवणारं सॉफ्टवेअर) आणि दोन खोल्यांत स्मार्ट स्पीकर आहेत. दार उघडलं की आम्हा दोघांना नोटिफिकेशन यायला हवं. कधी येतं, कधी अर्ध्या तासाने येतं. त्यात दार दिवसभर उघडत असतं, त्यामुळे आता कोणी बघतही नाही. सामायिक कॅलेंडरची आठवणही एकालाच येते. काय बदलू?

उत्तर: झिगबीवाला

दाराच्या सेन्सरला फक्त दार उघडल्याचं कळतं, कोण आलं ते नाही. कुरिअरवाल्यासाठी आजींनी दार उघडलं तरी तोच निरोप जाणार. म्हणून चपलांच्या कपाटाजवळ, मुलाचा हात पोहोचेल अशा उंचीवर झिगबीचं साधं बटण चिकटवा. आल्यावर एकदा दाबायचं, बास.

मग निरोपाची दिशा उलटी करा: वेळ झाली आणि बटण दाबलं गेलं नाही, तर फोन वाजला पाहिजे. होम असिस्टंटच्या सेटिंग्जमधल्या हेल्पर्समध्ये ‘घरी आला’ नावाचा टॉगल (चालू-बंद खूण) बनवा आणि तीन ऑटोमेशन (आपोआप चालणारे नियम) लिहा. दुपारी ३ वाजता टॉगल बंद. बटण दाबलं की टॉगल चालू. सव्वाचारला टॉगल बंदच असेल तर दोघांना निरोप आणि आजींच्या खोलीतल्या स्पीकरवर घोषणा. तिसऱ्याला शाळेच्या सुट्ट्यांच्या कॅलेंडरची अट जोडायला विसरू नका, नाहीतर सुट्टीतही रोज घाबरवेल. ‘दार उघडून ४५ मिनिटं झाली’ असले टायमर टाळा. होम असिस्टंट रीस्टार्ट झालं की ते पुसले जातात, टॉगलची स्थिती मात्र टिकते.

निरोप उशिरा येतो त्याचं कारण बहुतेक अँड्रॉइडची बॅटरी बचत. होम असिस्टंटच्या ॲपला बॅटरीत ‘अनरिस्ट्रिक्टेड’ करा आणि नोटिफिकेशनच्या डेटामध्ये टीटीएल ० (साठवून न ठेवता लगेच पाठवा) व प्रायॉरिटी हाय लिहा. आयफोन असेल तर इंटरप्शन लेव्हल ‘टाइम सेन्सिटिव्ह’ ठेवा.

मुळीच येत नाही तेव्हा झिगबीकडे बघा. झिगबीचा सिग्नल पकडणारा यूएसबी डोंगल रास्पबेरी पायच्या निळ्या यूएसबी ३ पोर्टात थेट खोचला असेल तर तिथला रेडिओ गोंगाट नेमका झिगबीच्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो. काळ्या यूएसबी २ पोर्टात मीटरभर एक्स्टेन्शन केबल लावून डोंगल लांब ठेवा. वायफाय चॅनल १ वर पक्कं करा, ‘ऑटो’ नको, आणि झिगबी २५ वर न्या. २६ काही उपकरणं धरत नाहीत. चॅनल बदलल्यावर बॅटरीवरचे सेन्सर पुन्हा जोडावे लागू शकतात, तेव्हा हे सुट्टीच्या दिवशी करा. बॅटरीवरची उपकरणं दुसऱ्याचा सिग्नल पुढे देत नाहीत. दार आणि हब (पाय व डोंगल) यांच्यामध्ये भिंतीतल्या सॉकेटवर एक झिगबी प्लग हवा.

उत्तर: तारा_आणि_वायर

उलट्या निरोपात एक भोक आहे. वीज किंवा इंटरनेट गेलं तर सव्वाचारचा इशारा घराबाहेर पडणारच नाही आणि ऑफिसात शांतता म्हणजे ‘सगळं ठीक’ असं वाटेल. म्हणून बटण दाबल्यावर ‘पोहोचला’ हा एक निरोपही ठेवाच. दार उघडल्याचे बाकी सगळे बंद करा. दिवसाला एकच आला की तो वाचला जातो.

राउटर, फायबरचा मोडेम आणि पाय, तिन्ही बॅकअपवर हवेत. मोडेम राहून गेला तर बाकीच्यांचा उपयोग नाही. छोटा डीसी यूपीएस घेताना प्रत्येक ॲडॉप्टरवरचे व्होल्ट, अँपिअर आणि पिनची पोलॅरिटी जुळवा: राउटर बहुतेक १२ व्होल्टचा असतो, पाय ५ व्होल्टचा. वीज गेली की वर सांगितलेला झिगबी प्लगही बंद पडतो, तेव्हा बटण थेट हबच्या टप्प्यात असेल तर उत्तम. प्लग उपटून बटण दाबून बघा, म्हणजे कळेल.

कॅलेंडरचं: गूगल कॅलेंडरमध्ये आठवणीची वेळ ज्याची त्याची असते. तुम्ही लावलेली ३० मिनिटांची आठवण दुसऱ्याला जात नाही. त्यांच्या खात्यातून त्या सामायिक कॅलेंडरच्या सेटिंगमध्ये डीफॉल्ट नोटिफिकेशन लावा.

दुपारची_पाळी

बटण मागवते. स्पीकरवर घोषणा लावून पाहिली, नुसता ‘टंग’ असा आवाज येतो, बोलत काहीच नाही.

उत्तर: झिगबीवाला

क्रोमकास्ट जातीचा (गूगलचा) स्पीकर असेल तर होम असिस्टंटच्या नेटवर्क सेटिंगमधल्या स्थानिक पत्त्यात homeassistant.local च्या जागी आयपी पत्ता लिहा. आवाजाची फाइल स्पीकर स्वतः तिथून ओढतो आणि .local नाव त्याला सापडत नाही. तो आयपी राउटरमध्ये राखून ठेवा, नाहीतर उद्या बदलेल. स्पीकर गेस्ट नेटवर्कवर असेल तर मुख्य नेटवर्कवर आणा. गूगल ट्रान्सलेटच्या टीटीएसमध्ये (मजकूर बोलून दाखवणाऱ्या सोयीत) भाषा मराठी निवडता येते. आजींसाठी तीच ठेवा. घोषणेच्या आधी त्याच ऑटोमेशनमध्ये आवाज ०.७ वर न्या, कारण स्पीकर शेवटच्या पातळीवरच बोलतो आणि रात्री कोणी कमी केला असेल तर दुपारी ऐकूच येणार नाही. वाक्य असं ठेवा: ‘सव्वाचार झाले. बाळ आला असेल तर दाराजवळचं बटण दाबा.’ म्हणजे मुलगा विसरला तरी आजी तेच बटण दाबून तुम्हाला कळवू शकतील.