बुडबुडे फक्त घोटण्यामुळे येत नाहीत

लाकडी ल्युअरला (मासे पकडायच्या खोट्या आमिषाला) इपॉक्सीचा, म्हणजे रेझिन आणि हार्डनर मिसळल्यावर कडक होणाऱ्या लेपाचा, कोट मारताना बुडबुडे येतात ते हे दोन्ही जोरात घोटल्यामुळे, असं म्हणतात. ते आहेच, पण घोटण्याचे बुडबुडे बारीक असतात, सगळीकडे सारखे पसरलेले, आणि हीट गन लांबून नुसती फिरवली तरी फुटतात. एकाच जागी परत परत फुगा येत असेल, शेपटीकडच्या आडव्या कापावर किंवा स्क्रू आयच्या (गळ-दोरी अडकवायच्या कडीवाल्या स्क्रूच्या) भोकापाशी, तर ती हवा लाकडातून येतेय हे नक्की समजा. लाकूड तापत गेलं की आतली हवा फुगून बाहेर पडते, म्हणून सकाळी कोट मारून ल्युअर उन्हाच्या बाजूला ठेवला की हमखास फोड येतात, बाल्सासारख्या हलक्या लाकडात तर जास्तच. त्यापेक्षा ल्युअर आधी जरा कोमट करून घ्या आणि गार होत असताना कोट मारा, म्हणजे लाकूड इपॉक्सी आत ओढून घेतं. रंगाच्या आधी पातळ सीलर कोट (लाकडाची छिद्रं बंद करणारा) द्याच, तो अजिबात टाळू नका.

आणि कोकणात पावसाळ्यात करणाऱ्यांसाठी एक, दमट हवेत कोट सुकल्यावर वर जो मेणचट थर जाणवतो तो हार्डनरचा हवेतल्या ओलाव्याशी आणि कार्बन डायऑक्साइडशी संयोग होऊन आलेला असतो. त्यावर थेट पॉलिश पेपर मारला तर तो नुसता पसरतो आणि पुढचा कोट नीट धरत नाही. आधी कोमट पाण्याने स्क्रबर लावून धुवा, पूर्ण कोरडं करा, मगच घासा.