पीएसए, स्कॅन आणि मधले दिवस : तुमचे अनुभव लिहा

प्रोस्टेटचा कॅन्सर पसरलाय म्हटल्यावर औषधांबद्दल सांगणारे बरेच भेटतात. दोन तपासण्यांमधले दिवस कसे काढायचे, हे फारसं कोणी बोलत नाही. म्हणून हा धागा. रुग्णांनी लिहा, घरच्यांनीही लिहा. फक्त 'पॉझिटिव्ह राहा' एवढंच लिहायचं असेल तर राहू द्या, ते ऐकून झालंय.

सुरुवात माझ्यापासून. हाडांत पसरलेला आहे, हार्मोन कमी करायचं इंजेक्शन चालू आहे. पीएसएसाठी, म्हणजे या कॅन्सरचा अंदाज देणाऱ्या तपासणीसाठी, रक्त दिलं की रिपोर्ट येईपर्यंत घरात कोणाशी धड बोलायचो नाही. ०.४ चा ०.६ झाला की रात्रभर आकडेमोड. शेवटी डॉक्टरांना सरळच विचारलं, "कितीवर गेला की औषध बदलणार?" म्हणाले, एका आकड्यावर काहीच ठरत नाही. सलग वाढतोय का, किती वेळात दुप्पट होतोय, स्कॅन काय म्हणतोय, त्रास वाढलाय का, हे सगळं मिळून बघतात. भीती गेली नाही, पण दशांशाची भीती गेली. आता रिपोर्ट मुलगी उघडते, मी आकडा डॉक्टरांसमोरच ऐकतो. हा तिच्यावर अन्याय आहे असं बायको म्हणते. असेलही.

*

मला रडू यायचं. बातम्या बघतानासुद्धा. वाटलं, आपण खचलो. मग नर्सबाईंनी सांगितलं की इंजेक्शनने टेस्टोस्टेरॉन हे पुरुषी हार्मोन खाली आणलं की अंगातून वाफा, थकवा, चिडचिड, उदासी हे सगळं येऊ शकतं. मानसोपचारतज्ज्ञांकडे कुरकुरतच गेलो. उदासीवर जी गोळी दिली तिने वाफाही कमी झाल्या. निम्मी लढाई औषधाशीच होती म्हणायची.

*

मी पत्नी. हे अचानक दुसऱ्या खोलीत झोपायला लागले. कारण विचारलं तर म्हणे, घामाने तुझी झोप मोडते. मला वाटलं, रागावलेत. बऱ्याच दिवसांनी कळलं, जवळ झोपलं तर मला अपेक्षा असेल आणि आपल्याच्याने काही होणार नाही, ही त्यांची धास्ती. इच्छाच मरते हे इंजेक्शनच्या आधी कोणी नीट सांगितलंच नव्हतं. "नुसते शेजारी झोपा हो," म्हटलं. उशी घेऊन आले परत.

आणखी एक. ॲबिरॅटेरोन या कॅन्सरच्या औषधासोबत प्रेडनिसोलोन हे स्टिरॉइड असतं, त्या स्टिरॉइडने झोप उडू शकते. ह्यांना पहाटे जाग यायची आणि नको ते विचार सुरू. डॉक्टरांना विचारून प्रेडनिसोलोनची गोळी सकाळच्या खाण्यासोबत घेऊ लागले, तेव्हापासून बरी झोप लागते. मनाने बदल करू नका, विचारूनच करा.

*

माझं थोडक्यात. पाठीत जरा चमक आली की मणक्यात गेला, अशीच खात्री व्हायची. डॉक्टरांकडून लिहूनच घेतलं : पाठीचं नवं दुखणं वाढत चाललंय, पायांत बधिरपणा किंवा अशक्तपणा आलाय, लघवी-शौचावरचा ताबा सुटलाय, तर रात्र असली तरी लगेच इमर्जन्सीत. बाकीची दुखणी वहीत लिहितो आणि पुढच्या भेटीत दाखवतो. वही भरत आली आहे.

*

मुलगा लिहितोय. पॅलिएटिव्ह केअरचं, म्हणजे त्रास कमी करणाऱ्या उपचारांचं, नाव निघालं तेव्हा आई कोसळलीच. आता उपचार बंद, असंच तिला वाटलं. तसं नव्हतं, केमो चालूच राहिली. पॅलिएटिव्हच्या डॉक्टर दुखणं, झोप, भीती एवढंच बघतात आणि बाबांशी घाई न करता बोलतात. मृत्युपत्राचा विषय बाबांनी त्यांच्याकडेच पहिल्यांदा काढला. आमच्याकडे काढला असता तर आम्ही "काहीतरीच काय बाबा" म्हणून गप्प केलं असतं.

*

पुढचं काही ठरवायचंच बंद केलं होतं मी. पुतणीचं लग्न आणि स्कॅन एकाच आठवड्यात आले, तेव्हा लग्नाला येत नाही म्हणून कळवूनही टाकलं. सुनेने परस्पर डॉक्टरांना विचारलं. ते म्हणाले, काही त्रास नाही ना, मग आठवडाभराने काही बिघडत नाही, लग्नाहून आल्यावर करू. असं विचारता येतं हेच डोक्यात आलं नव्हतं. आता तारीख देण्याआधी त्यांनाच सांगतो, या दिवसांत मी गावाला आहे.