मदत हवी आहे: जुन्या दगडी भिंतीला चुन्याचा गिलावा (सोलापूर)

आम्ही नवरा-बायको जुनं घर स्वतःच दुरुस्त करतोय. भिंत काळ्या दगडाची, दीड फूट जाड, दर्जा (दगडांमधले सांधे) चुन्याच्या. त्यावर कुणीतरी सिमेंटचा गिलावा केलाय. जोत्यातून चढणारी ओल सिमेंटमुळे बाहेर पडत नाही, म्हणून अडीच फुटांपर्यंत लोणा (पांढरे क्षार) फुटलाय आणि पापुद्रे सुटतायत. (वर ऑइलपेंटही फासलाय, धन्य!)

साडेतीन फुटांपर्यंत गिलावा छिन्नीने काढला, दर्जा इंचभर खरवडल्या, लोणा कोरड्या ब्रशने झाडला. पाण्याने धुतला तर क्षार विरघळून पुन्हा आत जातात.

आता १ भाग भिजवलेला चुना, ३ भाग चाळलेली वाळू, १०-१० मिमीचे दोन थर असा बेत आहे. भिंत ९० चौरस फूट, म्हणजे दर्जा धरून सात घनफूट माल.

अडचण इथल्या उन्हाची. चुना भराभर सुकला की तडकतो आणि भुगा होतो. ओलं गोणपाट किती दिवस ठेवावं? दोन थरांत किती अंतर? सुरकी (भाजक्या विटांची भुकटी) घालावी का? आणि सोलापुरात कळीचा (न भिजवलेला, खड्यांचा) चुना कुठे मिळेल? रंगाच्या दुकानातली पुडी नको, ती सफेदीची.